कापशी आणि बंदीचं पान

एका जंगलात, बाळांनो, रोज संध्याकाळी लपंडाव चालायचा. नीट मांडी घालून बसा आणि ऐका. आईबाबांनाही ऐकायचं असेल तर त्यांनी मोबाइल बाजूला ठेवून मागच्या रांगेत बसावं. मध्ये बोलू नये.

तर त्या जंगलात सावरीचं एक वठलेलं खोड होतं. तो भोज्जा. ज्याच्यावर राज्य येई तो खोडाला तोंड लावून शंभरपर्यंत आकडे म्हणे आणि मधले वीस-पंचवीस खुशाल गाळी. तेवढ्यात सशांची पोरं करवंदीच्या जाळीत, वारुळामागे, पाचोळ्यात अशी गडप होत, की त्यांच्या आया हाका मारून मारून दमत. जंगलात कोल्हे होतेच. तरी सशांची वस्ती काही कमी होत नव्हती. का, ते कोणी कधी विचारलं नव्हतं.

त्या वस्तीत विवेकराव ससे आणि मृदुलाताई ससे राहत. दोघंही शिकलेले. त्यांना एकच मुलगी, कापशी. सशांमध्ये एकच मूल म्हणजे केवढी सुधारणा, तुम्हीच बघा.

एकदा जंगलात कोकिळाबाईंचं पालक-शिबिर भरलं. विषय होता, मूल कसं वाढवावं. कोकिळाबाईंची स्वतःची पिल्लं कावळिणीच्या घरट्यात वाढत होती. त्यामुळे या विषयावर विचार करायला त्यांना भरपूर वेळ मिळाला होता.

"लपणं म्हणजे काय?" कोकिळाबाई म्हणाल्या. "लपणं म्हणजे खोटं बोलणंच. फक्त तोंडाऐवजी अंगाने."

विवेकरावांनी टिपून घेतलं. मृदुलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण लहानपणी किती खोटं बोललो, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बिळाच्या दारावर पळसाचं पान लागलं. लपंडाव बंद, कारण खोटेपणा. पकडापकडी बंद, कारण हिंसा. भातुकली बंद, कारण खोट्या चुलीवर खोटा भात. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकणं बंद, कारण अंधश्रद्धा. शिवाय उंदराला विचारलेलं नाही. चिमणीच्या दाताने बोर तोडून वाटून खाणं बंद, कारण जंतू. शिवाय चिमणीला दात नसतात. चांदोबाला मामा म्हणणं बंद, कारण मृदुलाताईंना भाऊ नव्हता.

"मग मी करू काय?" कापशीने विचारलं.

"तुला हवं ते कर," विवेकराव मोठ्या मनाने म्हणाले. "फक्त पानावर आहे ते सोडून."

कापशीने पान पुन्हा वाचलं. बसणं तेवढं उरलं होतं. म्हणून ती बसली.

रोज संध्याकाळी ती बिळाच्या तोंडाशी बसे आणि खेळ बघे. खोडापाशी आकडे सुरू झाले की तिचे पाय आपोआप उचलत. मग ती ते हातांनी दाबून धरी. खरं सांगतो, इथे मला विवेकरावांचा रागच येतो.

पण बघून बघून तिला सगळं येऊ लागलं. कोण कुठे लपतो ते. राज्य कसं चुकवायचं ते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे टाइमप्लीज. पायात काटा रुतला, धाप लागली, की मूठ ओठांना लावायची आणि 'टाइमप्लीज' म्हणायचं. मग कोणी अंगाला हात लावायचा नाही. त्या जंगलात राजाचा हुकूम मोडणारे पुष्कळ होते. टाइमप्लीज मोडणारा एकही नव्हता.

खेळाऐवजी कापशीला कोकिळाबाईंच्या स्पष्टवक्तेपणाच्या वर्गात घातलं होतं. कोणी 'कोण आहे?' म्हटलं की सरळ उभं राहायचं आणि मोठ्याने पूर्ण नाव सांगायचं. कापशीचा त्यात पहिला नंबर होता.

एका संध्याकाळी कोंडाजी कोल्हा आला. म्हातारा झालेला, दोन दिवसांचा उपाशी. खेळणारी पोरं पापणी लवायच्या आत नाहीशी झाली. कापशी तेवढी राहिली.

"कोण आहे गं तिकडं?" कोंडाजीने नुसतं सवयीने विचारलं.

"मी कापशी विवेक ससे. मी इथे आहे."

कोंडाजी दचकला. उभ्या आयुष्यात कुठल्याही सशाने त्याला उत्तर दिलं नव्हतं. यात काहीतरी डाव असणार म्हणून त्याने आधी मागे पाहिलं, मग झाडावर पाहिलं.

"बाकीची पोरं कुठं हायत?"

करवंदीत चार, वारुळामागे दोन, पाचोळ्यात एक. कापशीला सगळं ठाऊक होतं. पहिल्या नंबरची मुलगी होती ती. तिने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. कोल्ह्याने पंजा उचलला, तशी तिने मूठ ओठांना लावली.

"टाइमप्लीज!"

पंजा वरच्या वर थांबला.

"अगं ए, मी खेळत न्हाई. मी जेवायला आलोय."

"टाइमप्लीज म्हणजे टाइमप्लीज!"

कोंडाजी घुटमळला. त्याने आयुष्यात कोंबड्या पळवल्या होत्या, वाघाच्या तोंडचं चोरलं होतं, सख्ख्या भावाला फसवलं होतं. पण लहानपणी तोही याच खोडाभोवती खेळला होता. एवढं मात्र त्याच्याने होईना.

कापशी मूठ ओठांशी धरून एक एक पाऊल खोडाकडे सरकू लागली.

"टाइमप्लीजमधी चालायचं नसतंय!" कोंडाजी ओरडला.

"आमच्यात चालतं," कापशी म्हणाली आणि तिने खोडाला हात लावला. "भोज्जा!"

कोंडाजीने कपाळाला हात लावला. "लबाड हायस," तो म्हणाला आणि उपाशीच घरी गेला.

कापशी घरी आली तेव्हा तिला वाटलं, आता आपलं कौतुक होणार. विवेकराव म्हणाले, "एक तर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. आणि मूठ धुतली होतीस का?" कापशी रडली. मृदुलाताईंनी तिला पोटाशी धरलं. पण दारावरचं पान काही काढलं नाही.

बातमी मात्र जंगलभर झाली. कोकिळाबाईंनी लगेच नवा वर्ग काढला, 'टाइमप्लीज : एक जीवनकौशल्य'. बारा आठवड्यांचा. त्यात खेळायचं नाही, फक्त म्हणायचं. सगळ्या सशांनी आपापली पोरं तिथे घातली. खोडाभोवती गवत वाढलं.

बाराव्या आठवड्यात त्याच खोडापाशी प्रमाणपत्रांचा समारंभ झाला. पोरं मुठी धुऊन रांगेत उभी होती. आईबाप समोर बसले होते. आणि गवत बाजूला सारून तांबू आला.

तांबू हा कोंडाजीचा नातू. अंगाने दांडगा, नुकताच एकटा शिकारीला निघालेला. त्याचे आईबाबाही कोकिळाबाईंच्या शिबिराला जाऊन आले होते. त्यांच्याही दारावर पान होतं. तांबू जन्मात कधी खेळला नव्हता.

"टाइमप्लीज!" पोरं एका सुरात म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होते.

"म्हणजे काय?" तांबूने विचारलं.

कोकिळाबाईंना एक महत्त्वाचं काम आठवलं आणि त्या उडून गेल्या. कापशीने आईबाबांकडे पाहिलं. जागेवर कोणीच नव्हतं. विवेकराव करवंदीच्या जाळीत होते, मृदुलाताई वारुळामागे. बाकीचे पालक पाचोळ्यात. कोणाचा एक कान म्हणून दिसत नव्हता. त्यांना लहानपणी कोणी अडवलं नव्हतं ना!

रांगेत उभी होती ती फक्त पोरं. बारा आठवडे न खेळून त्यांची लपायची सवयच मोडली होती. तांबू जवळ आला. कापशी रांगेतून पुढे झाली.

"तुझ्यावर राज्य," ती म्हणाली.

"काय?"

"त्या खोडाला तोंड लाव. डोळे मीट आणि शंभरपर्यंत म्हण. मग आम्हाला शोध."

तांबूचे डोळे मोठे झाले. "मला घेणार तुम्ही? खेळायला?"

"पळ! नाहीतर राज्य दुसऱ्याला देईन."

तो धावतच खोडाशी गेला. एक, दोन, तीन, चार. बिचाऱ्याने एकही आकडा गाळला नाही.

पोरं धडपडत लपली. एक जण स्वतःच्या प्रमाणपत्रामागे लपला. पण तांबूलाही शोधायचं कसं ते माहीत नव्हतं. तो प्रत्येक झुडपाला वाकून "आत कोणी आहे का?" असं विचारत होता. "मी इथे..." एक पोर म्हणू लागलं आणि कापशीने त्याचं तोंड गच्च दाबलं.

अंधार पडू लागला. तांबूला एकही ससा सापडला नव्हता. इतक्या आनंदात तो कधीच नव्हता.

"उद्या येऊ?" त्याने सगळ्या रानाला विचारलं.

मग करवंदीच्या जाळीतून विवेकरावांचा बारीक आवाज आला, "ये हं, बाळा."

पण तांबूच्या घरी वेगळंच झालं. "जेवून आलास?" त्याच्या आईने विचारलं. "नाही, खेळून आलो," तांबू म्हणाला. आई कडाडली, "अन्नाशी खेळायचं नाही, कितीदा सांगितलंय! उद्या मीच येते बरोबर. सशाशी कसं वागतात ते दाखवते तुला."

साळुंकीने हे ऐकलं आणि सशांना सांगितलं. विवेकरावांनी दारावरचं पान फाडलं, त्याचे तुकडे केले आणि सगळे पालक घेऊन ओढ्याच्या काठाशी गेले. पलीकडच्या काठावर कोल्ह्यांचं बीळ होतं. ओढा तेवढा रुंद होता, नाहीतर एवढं धैर्य कोणाला झालं नसतं.

"वहिनी!" विवेकराव ओरडले. "तांबूला खेळायला पाठवा हो! खेळण्याचंच वय आहे त्याचं!"

"खेळण्याने मुलांची वाढ चांगली होते!" मृदुलाताई ओरडल्या.

"आमच्यात खेळू देत नाहीत," कोल्हीणबाई म्हणाल्या. "कोकिळाबाईंनी सांगितलंय."

तेवढ्यात कापशी पुढे झाली आणि तिने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "तांबू, येतोस का रे खेळायला? आज तुझ्यावर राज्य नाही!"

बिळातून तांबूचं रडवेलं तोंड बाहेर आलं. त्याच्या मागून कोंडाजी खोकत बाहेर आला.

"सूनबाई, जाऊ दे पोराला," तो म्हणाला. "माझं बालपण त्या खोडापाशीच गेलं. काही बिघडलं का माझं?" मग त्याने नातवाला जवळ घेतलं आणि स्वतःची मूठ ओठांना लावून दाखवली. "असं केलं की थांबायचं. उपाशी असलास तरी."

तेव्हापासून तांबू रोज संध्याकाळी खोडापाशी येतो. सशांची वस्ती वाढतेच आहे. मग तांबू खातो काय, असं विचारू नका. खेळून दमलेलं पोर घरात असेल ते मुकाट्याने खातं.

तात्पर्य : मुलांनी अन्नाशी खेळू नये, हे अगदी बरोबर आहे. अन्नाने मात्र मुलांशी रोज संध्याकाळी न चुकता खेळावं.