मनोऱ्यावर एक थेंब तेल

"माझ्या हाताला दाद देणार नाही असं कुलूप अजून जन्माला आलेलं नाही!" असं आमचा कुलूपवाला दिवसातून तीनदा तरी म्हणायचा. आणि खोटं नव्हतं हो ते! गंजलेलं, आपटलेलं, किल्ली आतच तुटलेली, कसलंही कुलूप आणा, गडी गुणगुणत उघडणार. फक्त एक गोष्ट तो कुणाला सांगत नसे. त्याला उंचीची भयंकर भीती वाटायची. दुसऱ्या मजल्यावरचं काम आलं की त्याची कंबर धरायची, तिसऱ्या मजल्याचं आलं की अंगात कणकण भरायची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी बायकोलासुद्धा पत्ता नव्हता.

आणि नेमका सासऱ्यांचा फोन आला. सासरे बांधकामाचे कंत्राटदार. आवाज असा, की समोरून वाळूचा ट्रक आला तर त्यानेच बाजूला व्हावं! या जावयाला त्यांनी अकरा वर्षांत एक काम दिलं नव्हतं. "चाव्या घासतो" एवढीच त्यांच्या लेखी त्याची ओळख.

"जावईबापू," ते म्हणाले, "बारा मजली इमारत उभी राहतेय. सगळ्या दारांची कुलपं तुमच्याकडे द्यायचं मनात आहे. पण मला वर बेधडक वावरणारा माणूस हवा. रविवारी जुन्या मनोऱ्यावर जाऊ. बघू तरी तुमची छाती!"

"मनोरा? अहो मामा, डोळे मिटून चढेन!" कुलूपवाला म्हणाला आणि रविवारी खरोखरच डोळे मिटून चढला.

खाली पहारेकऱ्याने त्याची हत्यारांची पिशवी ठेवून घेतली. बायको म्हणाली, "माझी टाच ठणकतेय, मी बाकावर बसते. आणि तुमचे दोघांचे मोबाइल इकडे द्या. वरून पडले म्हणजे?" शेवटचा आधार गेला तो असा. गोल गोल दगडी जिना, पायऱ्या मध्ये झिजलेल्या आणि प्रत्येक वळणावर एक अरुंद खिडकी. एकदा चुकून डोळा उघडला तर घरांची छपरं पायाखाली! तिथून पुढे त्याने भिंत चाचपतच पायऱ्या संपवल्या.

वर एक जुनं दार होतं आणि दारापलीकडे मनोऱ्याभोवती हातभर रुंदीचा सज्जा. कठडा कमरेइतका. सासरे बाहेर पडले आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले. काय ऐटीत उभे आहेत, असं कुलूपवाल्याला वाटलं.

"काय देखावा आहे!" सासरे आभाळाकडे बघत म्हणाले.

"वा!" कुलूपवाला दाराच्या बिजागरीकडे बघत म्हणाला.

वारा असा भणाणत होता की मनोरा हलतोय की आपण, तेच कळेना. खाली नजर जाऊ नये म्हणून त्याने ती दाराच्या खटक्यावर खिळवली. पितळी खटका, जुन्या घडणीचा, कीट चढून आत रुतलेला. झालं! बोटं शिवशिवली. शर्टाच्या खिशात तेलाची इवलीशी बाटली कायमचीच असते. एक थेंब सोडला, अंगठ्याने दोनदा दाबलं आणि टक! खटका टुणकन बाहेर आला. क्षणभर तो उंचीही विसरला. दुरुस्ती झाली की दार लावून बघायचं, ही त्याची धंद्यातली शिस्त. त्याने सज्ज्यातूनच दार ओढलं.

खट्ट!

सुंदर बसलं. बाहेरच्या बाजूला ना मूठ, ना किल्लीचं भोक. नुसता सपाट पत्रा!

"हे काय केलंत?" सासऱ्यांचा आवाज चक्क बारीक झाला.

"द-दुरुस्त केलं."

"मग उघडा की! तुमच्या हाताला दाद न देणारं..."

"हत्यारं खाली आहेत, मामा."

त्याने खिशातलं तिकीट फटीत सरकवून पाहिलं. वाऱ्याने ते हातातून उडवलं आणि ते गिरक्या घेत कठड्यापलीकडे गेलं. त्याच्या मागोमाग आपणही जाणार, याची त्याला खात्रीच पटली. डोळे गच्च मिटून तो ओरडला, "वाचवा!" खालून बायकोने हसत हसत हात हलवला!

तेवढ्यात वाऱ्याचा जोराचा झोत आला. मरणाच्या भीतीने त्याने हाताला लागेल त्याला मिठी मारली. ते सासरे होते. आणि सासऱ्यांनी त्याच्याहून घट्ट मिठी मारली!

"मामा, मला उंचीची भीती वाटते हो!" तो रडकुंडीला आला होता. "काम नका देऊ, पण सोडू नका!"

"हळू बोला!" सासरे थरथरत म्हणाले. "मला तर पहिल्या मजल्यापासून वाटते. तीस वर्षं खालूनच ओरडतोय मी. म्हणून तर वर जाणारा माणूस हवा होता!"

तासाभराने पहारेकरी झाडू घेऊन वर आला, आतून दार उघडलं आणि बघतच राहिला. "नऊ वर्षं हा खटका मेलेला होता! कुणी जिवंत केला?" दोघंही बसून, एकेक पायरी घसरत खाली आले.

बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मोबाइल पुढे केला. मनोऱ्याच्या टोकाला जावई-सासरे, डोळे मिटून, गळ्यात गळा! "अकरा वर्षं वाट बघितली हो या दिवसाची," ती म्हणाली. दोघांनी निमूट मान हलवली. तो फोटो आज दोन्ही घरांच्या भिंतीवर आहे.

काम मात्र त्यालाच मिळालं. बाराही मजल्यांची दारं तळमजल्यावर आडवी घालून त्याने कुलपं बसवली आणि मग ती वर गेली. वरची कुलपं नीट लागतात की नाही, हे बघायला कोण जातं म्हणता?

बायको. टाच ठणकते तिची, पण करते काय बिचारी! एकाची कंबर धरलेली असते आणि दुसऱ्याच्या अंगात कणकण.