हंगामी सासरे

पहिल्या दिवाळसणाला जावयाला अंगठी मिळते, गोफ मिळतो, एखाद्या नशीबवानाला दुचाकीही मिळते. मला भोपळा मिळाला. म्हणजे काहीच मिळालं नाही, असं नव्हे. खराखुरा, देठासकट, लहान वासराएवढा लाल भोपळा.

पाटावर बसलो होतो. ओवाळणं झालं. मी संकोचाचा अभिनय करत बोट जरा पुढं केलं आणि मांडीत धप्पकन काहीतरी आदळलं.

"घ्या जावयबापू," सासरे म्हणाले. "नुसत्या शेणखतावरचा हाय. अंगठी काय, एका बोटाला. ह्यो साऱ्या घराला पुरतोय."

बोट तसंच पुढं राहिलं. त्याचा फोटो आहे.

सासरे, म्हणजे भानुदासअण्णा, तामलवाडीचे. जन्म एसटीत कंडक्टरकीत गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी शेतीच्या दारात उभं राहून तीच नोकरी पुढं चालू ठेवली. प्रत्येक भाजीला, प्रत्येक फळाला ते अडवून विचारतात, तुझा हंगाम कुठला? "बिगरहंगामाचा माल म्हंजी बिगरतिकिटाचा पाशिंजर," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यापुढचं वाक्य त्याहून आवडतं, "उतरवा त्याला!"

एकदा आषाढात ते धाराशिवला आमच्या फ्लॅटवर आले. पाणी प्यायला म्हणून फ्रिज उघडला, तर आत कलिंगड. अण्णांनी त्यावर दारावर मारावी तशी टकटक केली. "कोण हाय रं आत? आषाढात कुठं निघाला?" मग आमच्याकडं वळून, "उतरवा त्याला." माझी बायको वैशाली त्यांचीच मुलगी, त्यामुळं तिला सवय होती. तिनं निमूट कलिंगड उतरवलं आणि ते गेल्यावर पुन्हा चढवलं.

देण्याघेण्यात तर त्यांचा कायदा फारच कडक. सणाला दुकानातला पुडा नेणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याचा अपमान. संक्रांतीला ते हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा घेऊन एसटीनं येतात आणि निम्म्या गाडीला वाटत येतात. आमच्या साहेबांच्या वास्तुशांतीला नेमके ते आमच्याकडं होते, म्हणून सोबत आले. इतरांनी भिंतीवरची घड्याळं आणली होती. अण्णांनी नव्या कोऱ्या फरशीवर पोतं उलटं केलं. रताळी! मातीसकट.

"माती झटकू नका," त्यांनी साहेबांना बजावलं. "ती बी आहेरातच धरा."

मी आठवडाभर साहेबांसमोर जायचं टाळलं. शेवटी त्यांनीच गाठलं आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "तुमचे सासरे पुन्हा कधी येणार आहेत?" मी माफीची तयारी केली. तर ते हळूच म्हणाले, "रताळी संपली हो."

आता अशा माणसाच्या पोटी कोण जन्माला यावं? माझा मेव्हणा संतोष. त्याचं तुळजापुरात खताचं दुकान आहे. बाप शेणाचा, लेक युरियाचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळं मधे पडायला कोणी नाही. दोघांनी आपसात तह केला होता. घरात शेतीवर बोलायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात शेती वगळली तर बोलायला उरतं काय? ते दोघं जेवताना हवामानाच्या बातम्या ऐकत.

पण अण्णांची खरी अडचण माझी आई होती. धाराशिवकडच्या वाशीजवळची आमची जमीन वडील गेल्यावर विकावी लागली आणि आई माझ्याबरोबर दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. तेव्हापासून ती फारशी कुणाशी बोलत नसे. बोलली तर एकाच विषयावर. "माझ्या लेकाच्या हातावर भोपळा दिला." भोपळा खाऊन संपला, त्याच्या बिया वाळवून संपल्या, तरी तिचा भोपळा काही संपेना. व्याह्यांच्या घरची पायरी चढायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस असते. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करायची, पूजा करायची आणि सगळ्यांनी तिथंच जेवायचं. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी बोलावतंच. अण्णा दरवर्षी आईला बोलवायचे. आईचे गुडघे दरवर्षी त्याच आठवड्यात दुखायचे.

गेल्या साली अण्णा स्वतः आले. जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "ईनबाई, जेवायला बोलवत न्हाय म्या. भज्जी बिघडती आमची, तेवढी बघाया या."

आई दाराकडं बघत म्हणाली, "काय बिघडतंय?"

"कायकी. गेल्या साली चिंच आदी घातली."

"आदी?" आईनं मान वळवली. "पीठ शिजायच्या आदी चिंच? मग फुटंल न्हाय तर काय हुईल?"

"तेच म्हंतो म्या."

येळवसेची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. शिवारात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते सगळं एका हंड्यात शिजवून, त्याला ताकात कालवलेलं डाळीचं पीठ लावायचं. आईच्या भज्जीचं वाशीकडं नाव होतं. "नुसती दाखवून परत येईन," असं म्हणून ती निघाली आणि गाडीत बसताना स्वतःचा ढवळायचा डाव सोबत घेतला.

तामलवाडीच्या शेतात पाऊल टाकल्यावर तासाभरात तिनं सगळ्यांना कामाला लावलं. मला तुरीच्या शेंगा सोलायला, वैशालीला मेथी निवडायला, आणि यजमानांना जाळ घालायला. "अण्णा, धूर हुतोय." "अण्णा, पात कुठाय कांद्याची?" अण्णा पळत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसरा कंडक्टर भेटला होता.

"वटाणा?" आईनं हात पुढं केला.

"न्हाय लावला औंदा."

"वटाण्याबिगर भज्जी?"

तेवढ्यात संतोष आला. बायकोपोरांना उतरवलं आणि गाडीच्या डिकीतून पिशवी काढून आईसमोर ठेवली. तुळजापूरच्या बाजारातला वाटाणा.

अण्णा जाळापासून उठले. "हे माझ्या हंड्यात पडायचं न्हाय."

"अण्णा, वटाणाच हाय तो," संतोष म्हणाला.

"कुणाच्या शेतातला? काय मारलंय त्याच्यावर? तुझ्याच दुकानातलं आसंल."

"माझ्या दुकानातलं खाऊनच हे घर उभं हाय."

शेजारच्या शेतातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. आईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, एक शेंग फोडून दाणा चावून बघितला आणि पिशवीतला सगळा वाटाणा सोलून हंड्यात ओतला.

"भज्जी माझी हाय," ती म्हणाली. "आन् लेक शेतात आलाय, ते बघा आदी."

अण्णा निघाले ते थेट पलीकडच्या बांधावर जाऊन बसले.

पंगत बसली. भज्जी अशी झाली होती की संतोष मान खाली घालून तिसऱ्यांदा वाढून घेत होता. आईनं मात्र घास तोंडात घातला नाही. एक ताट वाढलं, माझ्या हातात आंबिलीचा तांब्या दिला आणि मला घेऊन बांधाकडं निघाली.

"रागावला का?" तिनं ताट खाली ठेवत विचारलं.

"न्हाय ओ ईनबाई. वटाण्याचा राग कोण धरंल?" अण्णा ढेकूळ फोडत म्हणाले. "हे पोरगं दिवसभर गल्ल्यावर बसून साऱ्या तालुक्याला इचारतंय. काय पेरलं, उगवण कशी हाय, फुलोरा लागला का. दुकानाच्या मागं उभं ऱ्हाऊन म्या आईकलंय. लई मायेनं इचारतंय." त्यांनी आणखी एक ढेकूळ फोडलं. "मला कवा इचारलं न्हाय."

माझ्या हातात तांब्या होता. तो खाली ठेवावा का, हेही मला कळेना.

आईनं पदर सावरला. समोरच्या निळ्या फुलांकडं बघत ती म्हणाली, "ते जवस हाय का?"

"व्हय."

"पातळ उगवलंय."

"पातळ?" अण्णा ताडकन उठले. "वल कमी पडली, म्हणून दिसतंय तसं. या हिकडं, दावतो."

आणि ते दोघं निघाले. गुडघे दुखणारी माझी आई ढेकळांतून त्यांच्या मागं चालत होती. करडई बघितली, हरभरा बघितला, ज्वारीच्या कणसाला हात लावून बघितला. ती विचारत होती आणि ते सांगत होते. मधेच तिनं त्यांची एक चूक काढली, तीही त्यांनी ऐकून घेतली. ताटातली भज्जी गार झाली. शेवटी अण्णांनी ती उभ्याउभ्याच खाल्ली, वाटाण्यासकट.

निघताना आम्हाला वाटलं, आता काहीतरी पोतं येणार. पण ते मोकळ्या हातानं गाडीजवळ आले.

"ईनबाई, बांधाकडच्या दोन सऱ्या फुडल्या साली तुमच्या. काय पेरायचं ते तुमी सांगायचं."

"ह्या वयात म्या काय पेरू?"

अण्णांनी घसा खाकरला. "वटाणा पेरा."

यंदा दसरा झाल्यावर त्या सऱ्यांत वाटाणा पडला. तेव्हापासून आमच्या घरात सकाळचा चहा व्हायच्या आधी आई मोबाईल माझ्यापुढं धरते, "लावून दे." मी लावून देतो. "उगवला का?" एवढंच ती विचारते, आणि पुढं बराच वेळ ऐकत बसते. दाणे पडून दोनच दिवस झाले होते, काही उगवण्यासारखं नव्हतंच, तेव्हासुद्धा तिकडून बरंच काही ऐकू यायचं.

संतोष परवा म्हणाला, अण्णांचा मोबाईल आधी कपाटात बंद पडलेला असायचा. आता ते पहाटे उठून अंघोळ करतात, धुतलेला सदरा घालतात आणि मोबाईल मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात. खरं असणार. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला जातो.