उशिरा पोचलेली हाक

तात्यांच्या फाटकावर कॅमेरा बसला तेव्हा रहिमतपुरात बरीच कुजबुज झाली. नव्याण्णव साल होतं. कॅमेरा लग्नात फिरतो एवढंच लोकांना ठाऊक होतं. तात्यांनी मात्र तो फाटकाच्या खांबाला बसवला, खाली बोलणं ऐकायला माइक लावला आणि दोन्हींच्या वायरी अंगण ओलांडून सोप्यातल्या टीव्हीपर्यंत आणल्या. कोणी विचारलं की ते चोरांचं भय सांगत. वास्तविक तात्या आल्याचे व्यापारी. घरात चोरण्यासारखी म्हणजे आल्याची पोती, आणि ती पाठीवर घेऊन कुठलाही चोर फार लांब गेला नसता.

खरं कारण त्यांच्या बायकोला, विनोदिनीबाईंना, ठाऊक होतं. आष्ट्याच्या दिरांच्या, म्हणजे भाऊसोंच्या, धाकट्या मुलीचं, सईचं, लग्न ठरल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात कॅमेरा आला.

तात्या आणि भाऊसो सख्खे भाऊ, पण आठ वर्षं बोलत नव्हते. आपल्या थोरल्या मुलीच्या लग्नात मानाचा पहिला फेटा भाऊसोंनी साखर कारखान्याच्या संचालकाला बांधला, आणि सख्ख्या भावाचा नंबर नवरदेवाच्या मावशीच्या दिरानंतर लागला. तात्या अर्धा बांधलेला फेटा डोक्यावर तसाच घेऊन मांडवातून उठले आणि लोंबणारं शेपूट सावरत एस.टी.त बसले. "भाऊसोनं माझ्या दारात यून 'दादा' म्हणून हाक मारावी. एका हाकंला उठीन. त्याबिगर न्हाई," हे वाक्य त्यानंतर घरात इतक्यांदा झालं, की विनोदिनीबाई ते ऐकता ऐकता भाजी निवडत.

आता सईच्या लग्नाची अक्षत घेऊन भाऊसोंना यावंच लागणार होतं. थोरल्या भावाला अक्षत पोस्टानं पाठवत नाहीत. अडचण एकच होती. फाटकासमोर बाळासोची पिठाची गिरण दिवसभर घरघरत असे, आणि फाटकातली हाक काही केल्या घरात पोचत नसे. हाक ऐकू न येता भाऊसो परत गेले असते, तर तात्यांना उरलेला जन्म रुसून काढावा लागला असता. आणि तात्या आता रुसून रुसून दमले होते. ते कबूल करत नसत, पण चेहऱ्यावर दिसे.

मुलगा सुमंत सांगलीला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा. तो रजा काढून, आपलं यंत्र घेऊन आला. माइकमधून नुसतीच गिरण ऐकू येत होती, म्हणून त्यानं आवाज कॉम्प्युटरमधून फिरवला आणि गिरणीची घरघर गाळून टाकली. माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. पण ही गाळणी यंत्र आपल्या सवडीनं करी, त्यामुळे आवाज चित्राच्या फार मागे राहू लागला.

गवळी हिशेबाचं बोलून निघून गेला आणि त्याचे शब्द आले तेव्हा फाटकात एक म्हैस उभी होती. पाठोपाठ शेजारच्या धोंडुबाई टीव्हीवर आल्या आणि मीटर तपासणाऱ्याच्या घोगऱ्या आवाजात फाटक उघडायला सांगू लागल्या. तात्या हे सगळं गंभीरपणे बघत होते.

"भाऊसोची हाक म्हशीच्या नावावर जाईल," ते म्हणाले. "मग मी उठायचं कुनासाठी?"

प्रश्न रास्त होता. आवाजाला पळवणं सुमंतला जमेना. शेवटी त्यानं चित्रही कॉम्प्युटरमधून फिरवलं आणि आवाज येईपर्यंत थांबवून ठेवलं. ओठ आणि शब्द अगदी जुळले. तात्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, जे त्यांनी दहावीच्या निकालालाही केलं नव्हतं.

विनोदिनीबाई दूध घेऊन आत आल्या, तेव्हा टीव्हीवर त्या अजून फाटकात दूध घेत होत्या. त्या पातेलं हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. पण बापलेक इतके खुशीत होते, की त्यांना काही बोलवेना. यंत्र जसजसं तापे तसतसं ते आणखीच रेंगाळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर भाऊसो आले. वाळले होते. हातात पिशवी होती. फाटकाला हात न लावता त्यांनी हाक मारली, "दादा."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका हाकेला उठणार होते, पण आठ वर्षांनंतर मिळालेली हाक एकदाच ऐकून कसं भागेल? त्यांनी दुसरी ऐकली. तिसरी ऐकताना टोपी घातली, मिशीवरून हात फिरवला.

"अहो, जा लवकर," विनोदिनीबाई म्हणाल्या. "ते आत्ताचं नाही."

तात्या सावकाश, मानानं फाटकाशी गेले. फाटकात कोणी नव्हतं. गिरणीच्या दारातून पिठानं पांढरा झालेला बाळासो हातवारे करत ओरडला, "त्ये कवाच गेलं स्टँडाकडं. लय हाका मारल्या त्यांनी."

मग तात्या पळाले. पायात चपला नव्हत्या. भर बाजारातून टोपी धरून पळणारे तात्या रहिमतपुरानं प्रथमच बघितले. कऱ्हाड गाडीच्या पायरीवर भाऊसोंचा एक पाय पडला होता.

"तीन हाका मारल्या," भाऊसो म्हणाले. "तू उठला न्हाईस."

"उठलो की. तुजी हाक मला आत्ता ऐकू आली, टीवीतनं."

ही थट्टा आहे असं भाऊसोंना वाटलं आणि त्यांनी दुसरा पाय उचलला. तात्यांनी वाद घातला नाही. त्यांनी भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि चालू लागले. अक्षत पिशवीत होती. भाऊसोंना मागोमाग यावं लागलं.

फाटकाशी येऊन मात्र ते थांबले. आता मान त्यांनाही आठवला होता. तात्यांनी आजूबाजूला बघितलं. गिरण जोरात चालली होती, कोणाला काही ऐकू जाण्याची भीती नव्हती. ते खांबाला टेकून भावाच्या कानाशी वाकले आणि काय ते बोलले. भाऊसोंनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि ते फाटकाच्या आत आले.

सोप्यात आल्याबरोबर तात्या आपल्या खुर्चीत ताठ बसले. "आला शेवटी," त्यांनी बायकोला सांगितलं. "चुकलं म्हनला. म्हटलं, जाऊ दे, यी आत."

भाऊसो पायांकडे बघत राहिले. विनोदिनीबाईंनी गूळ-पाणी पुढे ठेवलं. तेवढ्यात टीव्हीवर दोघे भाऊ फाटकाशी आले. टीव्हीतले तात्या खांबाला टेकून, माइकच्या अगदी जवळ वाकले.

"भाऊ, चुकलं माजं. फेट्याचं उगंच धरून बसलो. तुज्या हाकंसाठी ह्यो क्यामेरा बसीवला बघ. चल आत. फकस्त तुज्या वहिनीला यातलं काय सांगू नगंस."

ओठ आणि शब्द अगदी जुळले होते. खुर्चीतले तात्या आढ्याकडे बघू लागले. सुमंत टीव्ही बंद करायला उठला, त्याला आईनं डोळ्यांनीच खाली बसवलं. मग तिनं गुळाची वाटी दिरांच्या आणखी जवळ सरकवली.

"भावजी, तुम्ही मला काही सांगू नका बरं," विनोदिनीबाई म्हणाल्या. "त्या गिरणीपायी इथं काही म्हणजे काही ऐकू येत नाही."