कापगते सरांची बदली

आमच्या लाखांदूरच्या कॉलेजात कापगते सर अधूनमधून स्टाफरूममधला पाण्याचा माठ मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्यात हलवत आणि पेपर वाचायचं सोंग करत बसत. आम्ही सवयीनं पेला घेऊन जुन्या कोपऱ्यात जायचो आणि कोऱ्या भिंतीसमोर उभे राहायचो. मग पेपरामागून आवाज यायचा, "पाह्यलं का? डोक्याले समजलं, पायाले नाही समजलं!"

सर व्यवस्थापन शिकवायचे. संस्थेत बदल झाला की माणसं कशी वागतात, हा विषय म्हणजे त्यांचा जीव की प्राण. अंगठ्याची हजेरी आली तेव्हा यंत्राशेजारी उभं राहून प्रत्येकाला विचारत, "कसं वाटून राह्यलं जी? राग, का भेव?" प्राचार्यांनाही सोडलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तर पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या पोरीला म्हणाले, "पहिले जड जाते बाई. मंग तेच घर आपलं वाटते. सगळ्या हापिसात असंच होते." पोरगी रडता रडता हसली.

गेल्या वर्षी संस्थेनं त्यांचीच बदली नाकाडोंगरीच्या कॉलेजात केली. जिल्ह्याच्या या टोकाहून थेट त्या टोकाला. निरोपाच्या दिवशी आमचे डोळे भरून आले, तर सर म्हणाले, "रडता काहून? मले तं फुकटात अभ्यासाले भेटून राह्यलं!"

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"मी गेल्यावर स्टाफरूममध्ये काही फरक पडला का जी? अभ्यासासाठी विचारून राह्यलो."

"पडला ना सर. तुमच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही."

मला वाटलं, हे ऐकून सर खूश होतील.

"माह्या जागी नवीन मॅडम आल्या म्हणे. त्या कुठं बसतात?"

मी आठवून पाहिलं. "खिडकीपाशी उभ्या असतात. डबाही तिथंच खातात."

"मॅडमले माह्या खुर्चीवर बसवा जी," सर हळूच म्हणाले. "इथंबी एका जुन्या सरची खुर्ची अशीच रिकामी ठेवली आहे. मी उभाच राह्यतो."

दुसऱ्या दिवशी मी ती खुर्ची पुसली, टेबलाशी ओढली आणि मॅडमना म्हटलं, "बसा ना." त्या जरा घुटमळल्या, मग बसल्या.

मग मी नाकाडोंगरीच्या कॉलेजात फोन लावला. शिपायानं उचलला.

"कापगते सरले बोलावू का?"

"नको भाऊ," मी म्हटलं. "तुमच्याशीच बोलायचं आहे."