मोराचं घर

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना आत्याने घराची किल्ली शेजारणीकडे दिली आणि मोर भाच्याकडे. मोर म्हणजे तिच्या दारातल्या कुंडीतलं झुडूप. वर्षानुवर्षं कात्री चालवून तिने त्याला मान, तुरा आणि पिसारा आणला होता. पत्ता सांगताना अख्खी गल्ली "मोराच्या घरासमोर" असंच सांगायची.

"गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो," आत्या म्हणाली होती, "घरी आल्यावर माझा मोर दिसला पाहिजे."

भाच्याने कुंडी आपल्या गच्चीत आणली आणि इमानेइतबारे रोज तांब्याभर पाणी घातलं. ओतलं की ते लगेच खालून बाहेर यायचं. "पोट भरलं बघ पठ्ठ्याचं!" तो खुशीत म्हणायचा. मोर मात्र पिवळा पडत चालला आणि एका सकाळी हात लावताच तुराच भाच्याच्या मुठीत आला.

बायकोने येऊन कुंडी उचलली. तीही एका हाताने.

"अहो, ही रिकाम्या डब्यासारखी लागतेय! माती आकसून कडेपासून सुटलीय. तुमचं पाणी कडेने खाली पळतंय, मुळांना थेंब नाही."

"म्हणजे मी रोज..."

"फरशी धुतलीत."

मग तिने अख्खी कुंडी बाथरूममधल्या टबात बुडवली. मातीतून बुडबुडे यायला लागले. "बुडबुडे थांबले की काढून सावलीत ठेवा," बायको ऑफिसला निघताना म्हणाली, "आणि कात्रीला हात लावू नका. काय मेलंय, काय जिवंत आहे, ते पालवी फुटल्यावर कळेल."

हात लावू नका म्हटल्यावर हात शिवशिवणारच! कुंडी टबात असतानाच भाच्याने फक्त एक वाळकं पीस कापलं. मग डावी बाजू जास्त दिसायला लागली, म्हणून डावीकडचं कापलं. मग उजवी जास्त. बरोबरी साधता साधता पिसारा संपला आणि मान अर्धी झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"पुढच्या आठवड्यात सोडतायत रे. मोर काय करतोय?"

"आंघोळ," भाचा म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

"बाई गं, काय लाड!"

आत्या घरी आली, पण खुर्ची सोडेना. डॉक्टर वॉकर धरून चाला म्हणून सांगून थकले होते. बायकोला घेऊन आलेल्या भाच्याने कुंडी दारात आणून ठेवली आणि स्वतः तिच्यासमोर उभा राहिला.

"बाजूला हो."

तो झाला. "आत्या, चुकलं माझं. मी वाळवला, आणि वर कापलाही."

आत्या वॉकर धरून उठली. कुंडीपाशी येऊन तिने नखाने खोड जरासं खरवडलं. आतून हिरवंगार होतं. आणि ती चक्क खुदकन हसली.

"तुझ्या लग्नाला आले होते ना, परत येऊन बघते तर उंट वाळलेला."

"कुठला उंट?"

"हाच रे! कुबड गेलं, मान राहिली, म्हणून मोर केला. त्याआधी हत्ती होता. पण सोंड काही टिकली नाही."

बोलता बोलता तिने कुंडीभोवती पुरती फेरी मारली होती. भाचा आणि बायको एकमेकांकडे बघत राहिले.

"हे बघ, मागून कोंब फुटलाय. शेपूट येतंय." आत्याने हात पुढे केला. "कात्री दे इकडे. ती आता माझ्याकडेच राहील. तू फक्त पाणी घालायचं, तेही कुंडी उचलून बघून."

"हो."

"आणि गल्लीत सांगून ये सगळ्यांना. आजपासून पत्ता बदलला. बदकाचं घर."