हौसरावांच्या जीपनं बसकण मारली

"त्यात काय अवघड हाय?" हे वाक्य हौसरावांनी उच्चारलं की त्यांच्या कारभारीण सोजराबाई देवापुढं दिवा लावून यायच्या. कारण त्यानंतर जे काही व्हायचं, ते सगळंच अवघड असायचं.

या खेपेला प्रश्न लेकीचा होता. रंभेला दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा इंजिनशेडमध्ये फिटर, माणसं भली, आणि रंभेनंही आईपाशी हळूच सांगून टाकलं होतं की हे जमलं तर बरं होईल. मुलाचे आईवडील घर बघायला येणार होते. हौसरावांनी त्यांना निरोप धाडला की पुलाचा लांबचा फेरा घेऊ नका, आपली जीप तुम्हाला भीमेच्या उतारातून, उथळ पाण्यातनं सरळ आणेल. वहाणेलासुद्धा पाणी लागणार नाही.

जीप मिलिटरीच्या लिलावातली. उतारात पाणी आत शिरू नये म्हणून शिक्रापूरला स्प्रिंगांना जादा पाटे घालून हौसरावांनी ती वीतभर उंच करून घेतली होती. रुबाब वाढला, पण खोडही लागली. बांधावरून उडाली की मागची चाकं खाली लोंबायची आणि शॉकअब्सॉर्बर ताणून तुटायचे. दौंडच्या मेस्त्रीनं उपाय सांगितला. वरच्या सांगाड्यापासून, म्हणजे चासीपासून, चाकांच्या एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना पट्टे बांधायचे, म्हणजे चाक ठरल्यापेक्षा जास्त खाली जात नाही. माप कसं घ्यायचं हेही तो सांगणारच होता, पण तोवर हौसराव "त्यात काय अवघड हाय?" म्हणून उठले होते.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पट्ट्यावरून पारावर सभा भरली. कुणी मोटेचा नाडा सुचवला, तर दुसऱ्यानं सांगितलं की नाडा भिजला की आखडतो. टायरची पट्टी निघाली, पण रबर ताणतं हे पोरांच्या गलोलीवरून सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा एकमतानं पास झाला. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

माप घ्यायला मेव्हणा आला. चांगदेव शिरूरच्या बाजारपेठेत शिंपीकाम करायचा आणि माप या विषयावर त्याच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. तो म्हणाला, "दाजी, इजारीचं माप कवाबी जेवल्यावर घ्यावं. उपाशीपोटी घेतलं की पंगतीत बसल्यावर गुंडी तुटती. तुमची जीप रिकामी कवा असती का?"

हौसरावांना हे तंतोतंत पटलं. पारावरची सात-आठ दणकट माणसं जीपमध्ये मागं बसवली. गाडी खाली दबली. चांगदेवनं टेप लावला, पट्टे कापले आणि लोहारानं रिबिटं ठोकून ते कायमचे पक्के केले. मग माणसं खाली उतरली.

जीप काही उठली नाही. पट्ट्यांनी तिला दबलेल्या मापातच जखडून ठेवलं होतं. नाक वर, ढुंगण खाली, अशी ती कुत्र्यासारखी बसून राहिली. हौसरावांनी आत वाकून बघितलं, कुणी राहिलं तर नाही ना. कुणीच नव्हतं. त्यांनी माणसांना पुन्हा बसवलं. सगळं बरोबर दिसलं. उतरवलं, पुन्हा बसकण. चांगदेवनं टेप तिसऱ्यांदा लावला आणि जाहीर केलं की मापात चूक नाही, चूक माणसांच्या उतरण्यात आहे. हौसरावांना हेही पटल्यासारखं वाटलं, पण कुठं पटलं ते सांगता येईना. तोवर लोहार निघून गेला होता आणि ती रिबिटं दुसऱ्या कुणाला निघणारी नव्हती.

सकाळी त्यांनी एक युक्ती काढली. भरलेली गाडी दबलेली दिसली तर कोण काय म्हणणार? म्हणून तीच माणसं मागं कोंबून ते दौंडला पोचले. स्टेशनाबाहेर मुलाचे वडील आनंदराव आणि आई पुतळाबाई उभे होते. पाहुण्यांना जागा हवी म्हणून माणसं उतरली. एक उतरला, दुसरा उतरला, सगळे उतरले. पुतळाबाई जीपकडं बघत राहिल्या.

"आजून कोण उतरायचं राह्यलंय?"

हौसरावांची जीभ मात्र जागेवर होती. "न्हाई बाई, तुमचं गुडघं दुखत्यात आसं कळलं. म्हनून मुद्दाम बसवून आणलीय."

आणि पुतळाबाई खरंच एका पावलात आत चढल्या. मागच्या एका स्थळाच्या ट्रकमध्ये चढवताना आपल्याला पोत्यासारखं उचललं होतं, असं त्या कौतुकानं सांगू लागल्या. हौसराव इतके खूश झाले की चूक आपलीच होती हे विसरून गेले.

हे सुख नदीपर्यंत टिकलं. खड्डा आला की चाक खाली जाईना, त्याच्याऐवजी अख्खी जीपच खाली आदळायची. पुतळाबाईंचं बोलणं आधी तुटक झालं, मग बंद पडलं. उताराच्या मधोमध मागचं चाक धोंड्यावरून घसरलं आणि डावीकडचा पट्टा रिबिटासकट फाटला. जेवलेली जीप एका अंगानं टुणकन उठली. पुतळाबाई वर गेल्या आणि तिथून घसरत आनंदरावांच्या मांडीवर आल्या. आनंदराव उजवीकडं कलले आणि त्यांचा बुटासकट पाय बाहेर पाण्यात गेला. जीप तशीच तिरकी, लंगडत दारात येऊन उभी राहिली.

सोजराबाई लगबगीनं पुढं आल्या. पुतळाबाईंना हाताला धरून उतरवलं, पाठीला उशी दिली. रंभेनं आनंदरावांचा बूट चुलीपाशी वाळत ठेवला. आतल्या खोलीत बायकांचं बराच वेळ बोलणं चाललं. हौसराव ओसरीवर बसून कानोसा घेत होते. आतून एकदा हसणं आलं, एकदा "अगं बाई" आलं, आणि हसणं कुणावर ते काही कळेना. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. पट्टा आपण बांधला आणि मोडायचं पोरीचं लगीन, असं झालं तर तोंड कुठं दाखवायचं?

ऊन उतरल्यावर पुतळाबाईंनी शेजारची बैलगाडी जोडायला सांगितली आणि पुलाच्या लांबच्या वाटेनं दोघं निघून गेले. जीपकडं त्यांनी वळूनही बघितलं नाही. हौसरावांना काही सुधरेना. ते सोजराबाईंपाशी आले.

"अगं, म्हंजी पसंत का नापसंत?"

"पोरगी पसंत पडली," सोजराबाई म्हणाल्या. "बाप चालवून घेतलाय."