वामनभाऊंची न थांबणारी स्कूटर

आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला, की वामनभाऊ आधी अंगणात जाऊन आभाळाकडे पाहतात. मिक्सरकडे नाही. मिक्सर आत ओट्यावर तसाच पडलेला असतो, घरची बाई वाटी घेऊन ताटकळत असते, आणि हे कपाळावर आडवा हात धरून चारी दिशा न्याहाळत असतात. मग आत येऊन विचारतात, "बंद पडला तवा वर कोनी पाह्यलं होतं काय?" आता चटणी वाटताना वर कोण पाहतं? वामनभाऊ खिन्नपणे मान हलवतात आणि चहा घेऊन जातात.

एका लग्नात ऐन वरातीत डीजे बंद पडला, तेव्हा यांनी थेट घोड्यावरच्या नवरदेवाला गाठलं. सगळ्यांत उंच तोच बसलेला, म्हणजे काही दिसलं असेल तर त्यालाच, असा साधा विचार. नवरदेव अजूनही मला भेटला की विचारतो, त्या काकांचं नेमकं म्हणणं काय होतं?

त्यांचं म्हणणं सांगायचं तर जरा मागं जावं लागेल. वामनभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. शिट्टी फुंकून बस वेळेवर स्टँडाबाहेर काढणं हे त्यांचं काम, आणि "गाडी थांबनार नाई" हे आयुष्यभराचं वाक्य. म्हातारी धावत येवो की नवरी, गाडी थांबनार नाई. निवृत्त झाल्यावर जुनी गिअरची स्कूटर घेतली आणि हेच वाक्य सुमनबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या वाट्याला आलं. बाजारात बांगड्यांचं दुकान दिसलं की त्या मागच्या सीटवरून म्हणायच्या, जरा थांबता का. हे म्हणायचे, परत येताना पाहू. परत येताना दुकान बंद झालेलं असायचं.

घरी पोचले की वामनभाऊ स्कूटर लावून सरळ आत. पेट्रोलची कळ बंद करायची ते हटकून विसरायचे. मग सुमनबाई पदर खोचून वाकायच्या, पुढच्या सीटखाली हात घालून ती कळ फिरवायच्या आणि मगच घरात जायच्या. माझ्या खिडकीतून हे रोज दिसायचं. वामनभाऊंना ते कधी दिसलं असेल असं वाटत नाही.

एका संध्याकाळी दोघं चिमूरकडून, सुमनबाईंच्या बहिणीकडून, आमच्या सिंदेवाहीला परतत होते. रस्ता जंगलाचा. वाघाच्या भीतीनं दिवस मावळल्यावर तिथं कुणी लघवीलासुद्धा थांबत नाही. त्या संध्याकाळी आभाळातून दिव्यांची एक लांबच लांब माळ सरकत गेली. अख्ख्या तालुक्यानं ती पाहिली. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, उपग्रह आहेत, एकदम सोडलेले. लोक चार दिवस बोलले आणि धानाच्या कामाला लागले. पण वामनभाऊंची स्कूटर नेमकी त्या माळेखाली बंद पडली होती. स्कूटरचा दिवा गेला. सुमनबाईंच्या मोबाईलवर गाणी चालू होती, तीही गप्प झाली. माळ दिसेनाशी झाल्यावर चार किका मारल्या तर गाडी सुरू, दिवा सुरू, गाणंही सुरू.

"उपग्रह असन तं असन," वामनभाऊ म्हणतात, "पन माही गाडी काऊन बंद पडली?"

हा प्रश्न तेव्हा ते गमतीनं विचारायचे. पुढच्याच हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन सुमनबाई गेल्या. त्यानंतर वामनभाऊ गमतीनं विचारेनासे झाले.

तेराव्यापर्यंतचे दिवस झाले आणि ते माझ्याकडे आले. चुंबकानं इंजिन बंद पडतं का, हे त्यांना हवं होतं. मी मराठी शिकवतो. पण मास्तर म्हटला की त्याला सगळं यावं, असं त्यांचं मत आहे. मी म्हटलं, पडत असेल. झालं, त्यांनी जुन्या स्पीकरचं चुंबक शर्टाच्या खिशात घालून फिरायला सुरुवात केली. गाडी बंद पडली नाही, त्याच खिशातलं एटीएम कार्ड मात्र बाद झालं. बँकेत ते आनंदानं म्हणाले, काहीतरी बंद तं पडलं. मग हवेतली वीज धरायला ऐन उन्हाळ्यात टेरिकॉटचे शर्ट घालून हिंडले. अंगभर घामोळं आलं. रेडिओच्या लहरींची शंका आली तेव्हा हँडलला ट्रान्झिस्टर बांधला. तो शेतीविषयक सल्ला देत राहिला आणि स्कूटर पळत राहिली.

शेवटी त्यांनी वेगळाच रस्ता धरला. प्लग नवा, केबल नवी, कार्बोरेटर दर पंधरवड्याला साफ. गाडी बंद पडली तर दोष प्लगवर जाता कामा नये. आमचा मेकॅनिक म्हणतो, बंद पडावी म्हणून गाडी इतकी नीट ठेवणारा माणूस त्यानं दुसरा पाहिला नाही. रोज संध्याकाळी त्याच जंगलाच्या रस्त्यानं, गाडी बंद पडली होती त्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी ओसरीवर असलो की जाता जाता सांगायचे, "आजबी नाई पडली." ऐकून आधी हसू यायचं. नंतर नंतर येईना. चांगली चालणारी गाडी घेऊन इतक्या पडेल चेहऱ्यानं घरी येणारा माणूस पाहवत नाही.

परवा त्यांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. गाडी ते पाहणार, आभाळ मी पाहायचं. रस्त्यात खड्डे, पोटात वाघाची धास्ती. त्यामुळे मी आभाळ सोडून हाताला लागेल ते घट्ट धरून बसलो होतो. वळण जवळ आलं, इंजिन दोनदा ठसकलं आणि स्कूटर बंद पडली. दिवाही गेला.

वामनभाऊ उडी मारून उतरले. त्यांना इतकं आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं. प्लगला नाही, कशाला म्हणून हात लावला नाही. मान वर करून उभे राहिले.

"काय दिसते, मास्तर?"

सागाचे शेंडे होते आणि वर एक चांदणी होती. बाकी काही नव्हतं. मी स्कूटरवरून उतरू लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझी बोटं पुढच्या सीटखाली आहेत आणि कसल्याशा दांडीला धरून आहेत.

"भाऊ," मी म्हटलं, "माहा हात पेट्रोलच्या कळीले लागला वाटते."

ते खाली वाकले. अंधारात चाचपून पाहिलं. कळ बंद होती.

"हे बंद कराचं काम तिचं होतं," ते म्हणाले.

मग हळूहळू सांगू लागले. त्या संध्याकाळी सुमनबाई मागून दोनदा म्हणाल्या होत्या, थांबा ना जरासं, वर पाहा काय आहे ते. यांनी नेहमीचं उत्तर दिलं होतं. थोडं पुढं गेल्यावर गाडी बंद पडली. हे प्लग काढून शर्टाला पुसत बसले. त्या यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या आणि सांगत होत्या, आता सागावर आली, आता टेकडीकडे चालली, एकदा तरी पाहा.

"मी पाह्यलंच नाई, मास्तर. मी प्लग पुसून राह्यलो होतो."

"अन् मोबाईल?"

"तो तं तिच्याच हातात होता."

त्यांना वाटत आलं होतं, की गाडी बंद पाडणारं जे काही होतं ते वरून आलं असेल तर पुन्हा कधीतरी येईल, गाडी थांबवील, आणि या खेपेला ते प्लगला हात लावणार नाहीत. एवढ्यासाठी रोजची फेरी होती.

"तिनं थांबवली असन," ते म्हणाले, "तं आता कोन थांबवनार?"

बाजूच्या झुडपात काहीतरी सळसळलं. मी म्हटलं, भाऊ, कळ उघडा, निघू. त्यांनी सीटखाली हात घातला, कळीवर ठेवला आणि तसाच काढून घेतला. मग सरळ उभे राहिले आणि वर पाहू लागले.

"थांबा ना जरासं," ते म्हणाले.

वाघाचं नाव न काढता मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.